तारेचा ‘किप्पा’ : एक शब्द आणि एक वस्तू

यहुदी उपासक डोक्यावर जी लहान गोल टोपी घालतात तीस हिब्रूत ‘किप्पा’ व यिद्दिशमध्ये ‘यार्मुल्के’ म्हणतात. यांपैकी दुसऱ्या शब्दाचा संबंध श्रद्धाळू मंडळी ‘राजाचे भय’ अशा अर्थाच्या अरामी शब्दांशी जोडतात; ती लोकव्युत्पत्ती होय. ‘किप्पा’विषयी असा घोळ नाही. ‘क्-प्-प्’ हा वाकविण्याचा धातू. त्यापासून घुमट या अर्थी ‘किप्पा’ व तळहात या अर्थी ‘कफ’. तार वाकवून, तीत मणी ओवून स्त्रिया जो किप्पा हाताने करतात, त्यास हे नाव धात्वर्थानेही शोभते.

याजकांचा शिरोवेष सोडल्यास पुरुषाने मस्तक झाकावे अशी आज्ञा तोरात कोठेही नाही. तालमूदात, येहोशुआचा पुत्र रव हूना उघड्या डोक्याने चार हातही चालत नसे, असा उल्लेख आहे. पण तो एका सत्पुरुषाचा विशेष म्हणून. एकाचे व्रत पुढे सर्वांचा आचार झाले. विवाहित स्त्रीने केस झाकण्याचा नियम निराळा; तो मिश्नेतच आढळतो.

स्त्री आणि किप्पा यांची गाठ पडली ती विसाव्या शतकात, मुख्यतः अमेरिकेत. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये ज्यूडिथ कॅप्लन हिचा बात मित्स्वा झाला. १९७२ मध्ये सॅली प्रिसँड, १९८५ मध्ये एमी आयलबर्ग रब्बी झाल्या. प्रार्थना चालविणाऱ्या स्त्रीने पुरुषाची टोपी घालावी काय? अनुवादाच्या २२ व्या अध्यायात स्त्रीस पुरुषवेषाची मनाई आहे, आणि आक्षेपकांचा भर तीवरच होता. तारमण्यांची टोपी कोणीही पुरुषाची म्हणणार नाही. तिच्या प्रसाराचे एक कारण हेच असावे, असे मला वाटते.

कृती सोपी दिसते, पण तशी नाही. जाड तारेच्या कड्यावर मध्यातून जाणाऱ्या आऱ्या बसवून त्यांस घुमटाचा बाक देतात. मग बारीक तारेत मणी ओवीत मध्यापासून बाहेर फेरे घ्यावयाचे व प्रत्येक आरीस एक वेढा द्यावयाचा. वेढा सैल राहिल्यास मणी घसरून एका बाजूस गोळा होतात. एकाच जागी वारंवार वाकविलेली तार ताठर होऊन तुटते. त्यामुळे सुताच्या विणीप्रमाणे चूक उसवून पुन्हा विणण्याची सोय येथे जवळजवळ नाही. टोके आत वळवून दडवावी लागतात, नाहीतर ती केसांत अडकतात. शेवटी लहान फणी किंवा आकडे लावतात.

परंतु ज्यातून केस दिसतात ते आच्छादन म्हणावे काय? योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरुख’ या १५६५ साली छापलेल्या ग्रंथात गवताच्या काड्यांनी विणलेली टोपी आच्छादन मानली आहे. स्वतःचा हात डोक्यावर ठेवणे मात्र नाही. ‘किप्पा’ चालतो, त्याच धातूचा ‘कफ’ चालत नाही! काडीचा न्याय तारेस लावता यावा. निर्णय अर्थात रब्बींचा.

केवळ अलंकार म्हणून पाहिल्यास धातूचे शिरोभूषण यहुदी स्त्रीस नवे नव्हे. मिश्नेत ‘सोन्याचे शहर’ नावाच्या शिरोभूषणाचा उल्लेख येतो. शब्बाथला ते घालून बाहेर जाण्यास मनाई होती, कारण मैत्रिणीस दाखविण्याकरिता ती ते काढून हाती घेईल व रस्त्यातून वाहून नेईल, ही शंका. रब्बी एलिएझर यांनी मात्र परवानगी दिली. त्यावर तालमूदाचे स्पष्टीकरण असे की, असे भूषण प्रतिष्ठित स्त्रीच घालते, आणि प्रतिष्ठित स्त्री ते काढून दाखवीत नाही.