अडगळीतल्या ४८६ची दुसरी नोकरी

घरात इंटरनेट घेतलं की कंपनीचा माणूस भिंतीला एक चपटा डबा लटकवून जातो. राउटर म्हणजे तो डबा, अशी आपली समजूत तिथूनच होते. पण राउटरच्या कुळात हा डबा शेंडेफळ आहे. मूळपुरुष साधा संगणकच होता.

१९६९ साली इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट सुरू झालं, तेव्हा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात बसवलेला पहिला 'आयएमपी', म्हणजे जाळ्यातला निरोप्या, होता हनीवेल कंपनीचा डीडीपी-५१६ हा मिनीकॉम्प्युटर. त्याला फक्त माहितीची पाकिटं पुढे धाडायचं काम लावून दिलं होतं. पुढे डेव्हिड मिल्स यांनी पीडीपी-११ घराण्यातल्या छोट्या यंत्रांसाठी 'फझबॉल' ही प्रणाली लिहिली. १९८६च्या सुमारास अमेरिकेच्या एनएसएफनेटचा पहिला कणा याच यंत्रांवर उभा राहिला, तोही सेकंदाला ५६ किलोबिट वेगाने. सिस्कोसारख्या कंपन्या १९८४ नंतर आल्या आणि मग राउटर ही वेगळी, महागडी वस्तू झाली.

घरगुती राउटरची गरज पडली ती नव्वदच्या दशकात. घरात संगणक दोन-तीन झाले, पण इंटरनेट देणारी कंपनी पत्ता द्यायची एकच. १९९४ साली 'नॅट' या तंत्राचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि वाट निघाली. वाड्याचा पत्ता एक आणि आत बिऱ्हाडं अनेक, असा हा प्रकार. बाहेरून आलेलं टपाल कोणाचं, याची नोंद दारावरचा संगणक ठेवतो. लिनक्समध्ये ही सोय 'मास्करेडिंग' नावाने आली. ती चालवायला मोठी ताकद लागत नव्हती. विंडोज ९५ चालवताना धापा टाकणारा, ४८६ प्रोसेसरचा जुना संगणक या कामाला भरपूर झाला.

दशकाच्या उत्तरार्धात डेव्ह सिनेज यांनी 'लिनक्स राउटर प्रोजेक्ट' सुरू केला. सगळी प्रणाली १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत! जुन्या संगणकात दोन नेटवर्क कार्डं खोचायची: एक बाहेरच्या मोडेमकडे, दुसरं घरातल्या हबकडे. हार्ड डिस्क काढून टाकायची. संगणक सुरू केला की फ्लॉपी ड्राइव्ह थोडा वेळ करकरे, सगळं रॅममध्ये चढे आणि ड्राइव्ह गप्प बसे. फ्लॉपीची खिडकी सरकवून लेखन बंद केलं की झालं: कोणी आत शिरून गडबड केलीच तरी संगणक बंद-चालू केला की प्रणाली होती तशी परत. तरी एक अडचण हमखास यायची. कीबोर्ड काढला की बायॉस 'कीबोर्ड नाही' अशी तक्रार करी आणि पुढे जायला एफ-१ दाबा म्हणे! मग सेटिंगमध्ये जाऊन अशा चुकांवर थांबू नकोस, असं त्याला बजवावं लागे.

तो प्रकल्प पुढे थंडावला, पण वंश वाढत गेला. २००० साली ब्रिटनमध्ये जुन्या संगणकाचा राउटर करणारं स्मूथवॉल आलं, त्यातून आयपीकॉप निघालं. स्वित्झर्लंडच्या मानुएल कास्पर यांनी २००३ मध्ये फ्रीबीएसडीवर 'मोनोवॉल' बांधलं. सगळी मांडणी ब्राउझरमधून करता येत असल्याने आज्ञावली पाठ करायची गरज उरली नाही. त्यातूनच २००४ मध्ये पीएफसेन्सचं काम सुरू झालं आणि २०१५ मध्ये त्यातून ओपीएनसेन्स वेगळं झालं.

याच काळात दुकानातले स्वस्त डबेही आले. २००२च्या अखेरीस आलेल्या लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या डब्याच्या पोटात काय निघालं? लिनक्सच! परवान्याच्या अटीमुळे कंपनीला त्याचा कोड खुला करावा लागला आणि त्यातून अशा डब्यांसाठीची ओपनडब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली जन्माला आली. म्हणजे डबा हाही शेवटी एक छोटा संगणकच.

मग आज माळ्यावरचा संगणक खाली काढावा का? हिशेब करून काढावा. सत्तर वॉट खाणारा जुना डेस्कटॉप वर्षभर अखंड चालला, तर सहाशेहून अधिक युनिट वीज जाते; डब्याला पाच-दहा वॉट पुरतात. शिवाय पीएफसेन्सने २०१७ मध्येच ३२ बिटच्या यंत्रांची साथ सोडली आहे. तेव्हा ४८६ला आता निवृत्त होऊ द्या. ऑफिसातून निघालेला, कमी वीज खाणारा ६४ बिटचा छोटा संगणक मिळाला, तर मात्र त्यात दुसरं नेटवर्क कार्ड बसवा, जुन्या डब्याकडे फक्त वायफाय ठेवा आणि अपडेट वेळच्या वेळी करा. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या डब्यापेक्षा तो कितीतरी भरवशाचा.