बालगंधर्वांचीं मागें पडलेलीं पदें

पनवेलचें वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह असो वा पुण्या-मुंबईची बैठक. नाट्यगीतें म्हटलीं कीं रसिकांची फर्माईश ‘मानापमान’ (१९११), ‘स्वयंवर’ (१९१६) व ‘एकच प्याला’ (१९१९) यांपलीकडे सहसा जात नाहीं. बालगंधर्वांचे निस्सीम चाहते मात्र ‘द्रौपदी’ (१९२०) आणि ‘मेनका’ (१९२६) या नाटकांतील पदांसाठीं हळहळतात.

या पदांत उणें काय होतें? ‘स्वयंवर’, ‘द्रौपदी’ व ‘मेनका’ या तिहींचे नाटककार खाडिलकरच. पहिल्या दोहोंच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या, तर ‘मेनके’च्या त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांच्या. उणें होतें तें व्यवहाराचें. ‘द्रौपदी’तील मयसभेच्या थाटावर गंधर्व नाटक मंडळीनें अफाट पैसा ओतला व कर्जाचा बोजा वाढविला. असा सरंजाम लहान मंडळ्यांना परवडण्याजोगा नव्हता. नाटक मागें पडलें, आणि त्याबरोबर त्यांतील पदेंही.

उरला आधार ध्वनिमुद्रिकांचा. परंतु तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची! रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत रंगणारें पद तेवढ्यांत आटोपावें लागे. ऐकणाऱ्यास त्याची रूपरेषा मिळते, विस्तार मिळत नाहीं.

बालगंधर्व १९६७ सालीं निवर्तले. त्यांस रंगभूमीवर ऐकलेले श्रोतेही आतां फारसे उरले नाहींत. म्हणून पुढील बैठकींत फर्माईश करतांना रसिकांनीं एकदां ‘द्रौपदी’चें नांव घ्यावें. गायकास तें पद नव्यानें बसवावें लागेल. पण बसविलें, तरच तें टिकेल.