नियोजित कार्य आणि घड्याळाचा अधिकार

लिनक्स सर्व्हरवर ठरवून दिलेले एखादे काम वेळेवर झाले नाही, तर तंत्रज्ञ बहुधा त्या कामाच्या आज्ञावलीतच दोष शोधू लागतो. आज्ञावली निर्दोष असते, वेळापत्रकही बिनचूक लिहिलेले असते. मात्र लिहिणाऱ्याचे घड्याळ एक आणि पाळणाऱ्याचे दुसरे, असे पुष्कळदा आढळते. या प्रकारच्या विसंवादाला पालघर–बोईसर पट्ट्यात संगणकापूर्वीचा इतिहास आहे. तो ध्यानी घेतल्यास आजच्या दोषाची चिकित्सा अधिक सुकर होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग १८६४ साली मुंबईपर्यंत पोहोचला. पालघर आणि बोईसर ही स्थानके याच मार्गावरील होत. पालघरचे रेखांश मुंबईहून फारसे भिन्न नसल्याने तेथील सूर्यवेळ आणि मुंबईवेळ जवळजवळ एकच होती. ही मुंबईवेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. १८७० च्या सुमारापासून देशातील रेल्वेमार्गांवर मात्र सर्वसाधारणपणे मद्रासवेळ रूढ झाली. ती ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटे पुढे. म्हणजे दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर. मद्रासवेळेने छापलेले वेळापत्रक मुंबईवेळेने वाचणारा उतारू स्थानकावर येई, तोवर गाडी जाऊन अर्धा तास लोटलेला असे. येथे वेळापत्रक चुकले नव्हते आणि उतारूचे घड्याळही चुकले नव्हते.

१८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईत मद्रासवेळ लागू करण्याचा प्रयत्न केला. लोकविरोधामुळे तो १८८३ मध्ये मागे घ्यावा लागला. पुढे १९०५ च्या जुलैत रेल्वेने आणि १ जानेवारी १९०६ पासून सरकारने ५ तास ३० मिनिटांची प्रमाणवेळ स्वीकारली. मुंबईचे घड्याळ त्यामुळे ३९ मिनिटे पुढे सरकले. आकडा तोच राहिला; परंतु कामगाराला सूर्याच्या हिशेबाने तेवढे लवकर गिरणीच्या दारात उभे राहणे प्राप्त झाले. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी काम थांबवून निषेध नोंदवला. महानगरपालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही काही काळ मुंबईवेळ सोडली नाही.

आता संगणकाकडे वळू. ‘क्रॉन’ हा कार्यक्रम १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आढळतो. लिनक्सवर दीर्घकाळ प्रचलित असलेले त्याचे रूप पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये सिद्ध केले. त्याची रीत साधी आहे. तो दर मिनिटाला जागा होतो आणि मिनिट, तास, तारीख, महिना व वार या पाच रकान्यांशी चालू क्षण ताडून पाहतो. चालू क्षण कोणता, हे मात्र यंत्राचा कालविभाग ठरवतो. भारतासाठी संगणकांच्या कालविभाग-कोशात ‘एशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे आणि १९०६ पूर्वीच्या काही दशकांसाठी ती मद्रासवेळ दाखवते. मुंबईवेळेची स्वतंत्र नोंद त्यात नाही. १८९० मधील मुंबईची एखादी नोंद संगणकाकडून रूपांतरित करून घेणाऱ्या अभ्यासकाची अर्ध्या तासाची फसगत त्यामुळे संभवते.

या भेदाचा व्यवहारातील परिणाम पाहण्यासाठी बोईसरनजीकच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखाना कल्पनेत आणावा. तेथील सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालत असून, दिवसाची हजेरी बंद करण्याचे काम मध्यरात्री बारासाठी लावलेले आहे, असे समजू. ते काम प्रत्यक्षात भारतीय वेळेने पहाटे साडेपाचला होईल. मध्यरात्रीनंतर कामावर आलेल्या माणसाची नोंद आदल्या तारखेत जाईल आणि रात्रपाळीचे तास अशा रीतीने दुभंगतील की वेतनाचा हिशेब चुकेल. नोंदणी यंत्राने केली असली, तरी तोटा माणसाचाच होतो.

दोष शोधताना म्हणून प्रथम लॉग वाचावा. त्यात काम सुरू झाल्याची ओळ असेल, तर वेळेचा प्रश्न मिटला. दोष परिस्थितीत शोधावा. क्रॉन वापरकर्त्याचे नेहमीचे वातावरण सोबत आणत नाही. त्याचा ‘पाथ’ आखूड असतो; हाताने चालवलेली आज्ञा जेथे सापडते, तेथे क्रॉनला ती सापडेलच असे नाही. संपूर्ण पत्ता लिहिणे हा त्यावरील उपाय. टक्क्याचे चिन्हही क्रॉन ओळ तुटल्याप्रमाणे वाचतो. उलटपक्षी लॉगमध्ये ओळच नसेल, तर क्रॉन चालू होता काय, यंत्र त्या क्षणी बंद होते काय, क्रॉनटॅबची शेवटची ओळ नीट संपली आहे काय, हे पाहावे. तारीख व वार हे दोन्ही रकाने भरले असता यांपैकी एक जुळले तरी काम होते, हेही विसरू नये. कालविभाग बदलल्यावर क्रॉन पुन्हा सुरू करावा. नाहीतर तो जुन्याच घड्याळाने चालण्याचा संभव असतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास ही पद्धत परकी वाटू नये. साधनातील नोंद आणि साधनाचे मौन, दोन्ही पुरावा म्हणूनच वाचावे लागतात. कोणतीही वेळ वाचताना ती कोणी, कोणत्या घड्याळाने लिहिली, हे आधी विचारावे लागते. १८८१ चा वाद घड्याळाच्या अधिकाराविषयी होता, आणि १९०६ मध्ये त्या अधिकाराची किंमत कामगाराने मोजली. सर्व्हरचा कालविभाग निश्चित करणाऱ्याच्या हातीही तोच अधिकार असतो.