बाकावरून उठून गेलेली माणसं

मोरारजी देसाई हे नाव आमच्या घरात दातओठ खाऊनच घेतलं जायचं. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनवर संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला तेव्हा ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि माझे वडील त्या गर्दीत होते. तरीही १९७७च्या मार्चमध्ये मोरारजींच्याच जनता पक्षासाठी सेवा दलातल्या आम्ही मुलींनी रात्र रात्र खळ शिजवून नांगरधारी शेतकऱ्याची पोस्टरं भिंतींवर चिकटवली. आणीबाणीत मोरारजी दीड वर्षाहून अधिक काळ स्थानबद्ध होते. वडिलांचा राग काही तेवढ्यानं निवला नाही, पण मत त्यांनी दिलं.

त्या निवडणुकीतून आलेलं जनता पक्षाचं सरकार का पडलं, याचं उत्तर बहुतेक जण दोन शब्दांत देतात: दुहेरी सदस्यत्व. जनसंघातून आलेल्यांनी संघाशी नातं ठेवायचं की नाही, हा वाद खरा होता आणि मधू लिमये यांनी तो पोटतिडकीनं मांडला. पण भेग आधीची आहे. मोरारजींना पंतप्रधानपदासाठी खासदारांनी मतदान करून निवडलंच नव्हतं. जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी यांनी सगळ्यांचा कानोसा घेऊन त्यांचं नाव ठरवलं. शपथविधी झाला २४ मार्चला. घटक पक्ष रीतसर विलीन होऊन जनता पक्ष उभा राहिला १ मे रोजी. आधी सरकार, मग पक्ष! ज्यांनी आपल्याला निवडलं नाही त्यांना सांभाळून घ्यावं लागतं, आणि सांभाळून घेणं हा मोरारजींचा स्वभाव नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी आपण ते पाहिलंच होतं. जून १९७८अखेर त्यांनी चरणसिंगांना मंत्रिमंडळातून जायला लावलं, जानेवारीत उपपंतप्रधान करून परत घेतलं. मनं सांधली नाहीत ती नाहीतच.

११ जुलै १९७९ला अविश्वास ठराव मांडला तो यशवंतराव चव्हाणांनी. १९५६मध्ये मोरारजींनंतर मुंबई राज्याच्या मुख्यमंत्रिपदावर आले होते तेच यशवंतराव. पण विरोधकांच्या ठरावानं हे सरकार पडणार नव्हतं; ते पडलं आपल्याच बाकावरून उठून गेलेल्यांमुळे. राजनारायण बाहेर पडले, त्यांच्यामागे रोज काही खासदार जाऊ लागले. १२ जुलैला जॉर्ज फर्नांडिस यांनी लोकसभेत सरकारची बाजू अशी लढवली की पेपरात ते वाचताना आम्हाला स्फुरण चढलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत तेच जॉर्ज सरकार सोडून गेले. लिमये गेले. मधू दंडवते राहिले, एस. एम. जोशी राहिले. आयुष्यभर समाजवाद्यांच्या एका पंगतीला बसलेली ही माणसं अशी दोन बाजूंना गेली, त्याची कळ मला अजून येते.

१५ जुलैला, ठरावावर मतदान व्हायच्या आधीच, मोरारजींनी राजीनामा दिला. पण संसदीय पक्षाचं नेतेपद मात्र ते सोडेनात. तेव्हाच ते जगजीवनराम यांच्याकडे सोपवलं असतं तर पक्षाला एक दार उघडं राहिलं असतं. ८३ वर्षांच्या माणसाचा हा हट्ट मला तेव्हाही पटला नाही, आज तर मुळीच पटत नाही.

आणि तरी या सरकारला खिचडी म्हणून हसणाऱ्यांशी मी भांडते. १९७८ची ४४वी घटनादुरुस्ती त्यांची. नुसत्या 'अंतर्गत अशांतते'चं कारण देऊन आता आणीबाणी लादता येत नाही. सशस्त्र उठाव असावा लागतो, आणि मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय राष्ट्रपतींपुढे यावा लागतो. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर गादी आली तीही याच काळात, दंडवते रेल्वेमंत्री असताना. यातलं काहीच पुढच्यांना कायमचं मागे घेता आलं नाही.

चरणसिंग पंतप्रधान झाले, यशवंतराव उपपंतप्रधान. इंदिरा काँग्रेसनं पाठिंबा काढून घेतला आणि २० ऑगस्टला, लोकसभेला सामोरं न जाताच, तेही सरकार गेलं. १९८०च्या जानेवारीत जनता पक्षाच्या ३१ जागा आल्या. त्यांतली एक राजापूरची, दंडवत्यांची.