अंकीय परिवर्तक आणि ध्वनीची मर्यादा : एक ऐतिहासिक विचार

संगीताच्या अभ्यासकांपुढे अलीकडे एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. महाजालावरून संगीत आणून ऐकविणाऱ्या स्ट्रीमर नामक यंत्रात अंकांचे विद्युत्-तरंगात रूपांतर करणारा परिवर्तक अंगभूतच बसविलेला असतो. या अंगभूत परिवर्तकामुळे ध्वनीच्या गुणवत्तेला मर्यादा पडते काय, आणि तसे असल्यास स्वतंत्र परिवर्तक घेणे इष्ट काय, असा तो प्रश्न होय. वरवर पाहता हा केवळ हौशी श्रोत्यांचा प्रश्न वाटतो. परंतु १९५८ साली स्थापन झालेल्या पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, विद्युत् अभियांत्रिकी विभागात, प्रा. प्रीती राव व त्यांचे सहकारी ध्वनिमुद्रित हिंदुस्थानी गायनातून स्वरांची वाटचाल यंत्राच्या साहाय्याने रेखाटण्याचे संशोधन करीत आले आहेत. अशा संशोधनात ध्वनिमुद्रण हाच पुरावा असतो. तेव्हा पुराव्यात दोष कोठे शिरतो, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचेही कर्तव्य ठरते.

प्रथम तत्त्वाचा विचार करू. ज्या तरंगातील सर्वोच्च वारंवारता मर्यादित आहे, त्याचे तिच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतल्यास मूळ तरंग पुन्हा पूर्णपणे सिद्ध करता येतो. या सिद्धांताची वाट नायक्विस्ट यांनी १९२८ साली दाखविली. कोतेलनिकोव्ह यांनी १९३३ मध्ये व शॅनन यांनी १९४९ मध्ये त्याची स्पष्ट मांडणी केली. नमुन्यांमधील पोकळी राहून जाते व संगीताला पायऱ्या पडतात, ही समजूत म्हणूनच निराधार आहे. राहतो तो प्रत्येक नमुन्याच्या मोजमापातील सूक्ष्म फरक. तो गोंगाटाच्या रूपाने प्रकट होतो व दर बिटामागे सुमारे ६ डेसिबलांनी घटतो. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुन्याला १६ बिट असे प्रमाण ठरले. त्यामुळे सुमारे ९८ डेसिबलांचा पल्ला उपलब्ध झाला.

परिवर्तकावरील संशयाचा उगमही त्याच काळात आढळतो, आणि तो त्या वेळी सर्वस्वी अनाठायी नव्हता. सोनीच्या पहिल्या यंत्रात दोन्ही वाहिन्यांना मिळून एकच परिवर्तक होता; त्यामुळे एक वाहिनी दुसरीच्या मागे सुमारे ११ मायक्रोसेकंद राहत असे. फिलिप्सजवळ त्या वेळी १४ बिटांचाच परिवर्तक होता. त्या अभियंत्यांनी नमुन्यांचा वेग चौपट करून व गोंगाट श्रवणकक्षेबाहेर ढकलून १६ बिटांच्या तोडीचे फळ मिळविले. दशकाच्या उत्तरार्धात स्वतंत्र पेटीतील परिवर्तक प्रचारात आले. परंतु या पृथक्करणाने एक नवाच दोष उत्पन्न केला. अंक एका पेटीतून दुसरीत तारेने जाऊ लागले व दुसऱ्या पेटीस कालमापनासाठी त्या तारेवरील संदेशावरच अवलंबून राहावे लागले. २० किलोहर्ट्झच्या पूर्ण तीव्रतेच्या तरंगात १६ बिटांची अचूकता टिकवावयाची तर कालमापनातील चूक एका सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही सुमारे आठव्या हिश्श्यात बसली पाहिजे. जो दोष टाळण्यासाठी पेट्या वेगळ्या केल्या, त्याहून सूक्ष्म दोष त्या वेगळेपणानेच आणला, असे हे उदाहरण आहे.

स्ट्रीमरमध्ये ही परिस्थिती पालटते. महाजालावरून येणारे अंक प्रथम स्मृतीत साठविले जातात. मग यंत्रातील स्फटिकाच्या घड्याळानुसार ते परिवर्तकाकडे जातात. घड्याळ व परिवर्तक शेजारी असणे ही रचनेच्या दृष्टीने सोयच होय. अंगभूत परिवर्तकाच्या विरुद्ध जे खरोखर सांगता येते ते इतकेच : त्याच पेटीतील संगणकीय मंडलांचा व वीजपुरवठ्याचा गोंगाट परिवर्तकाच्या निर्गमापर्यंत पोहोचू शकतो, स्वस्त यंत्रात निर्गम-मंडलावर काटकसर झालेली असते, आणि आवाज अंकांच्या पातळीवर फार कमी केल्यास बिट वाया जातात. हे दोष मोजता येतात, व चांगल्या यंत्रात ते श्रवणमर्यादेखाली असतात. साध्या किमतीच्या परिवर्तक-चिपमध्येही आज ११० डेसिबलांहून अधिक पल्ला मिळतो.

श्रवणचाचण्यांची साक्षही अशीच आहे. मेयर व मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च प्रमाणाच्या ध्वनिमुद्रणाच्या मार्गात १६ बिटांची अडचण मुद्दाम घातली. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडविण्याइतकाच निकाल लागला. रीस यांनी २०१६ मध्ये १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले. शिक्षित श्रोत्यांत ते याहून अधिक होते. भेद सर्वथा नाही असे म्हणता येत नाही. तो फार अल्प आहे, असे मात्र निश्चित म्हणता येते.

आता साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांचे गायन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कर्ण्याच्या साहाय्याने व १९३०च्या दशकात विद्युत्-पद्धतीने मुद्रित झाले. कर्ण्याच्या मुद्रणात ढोबळ मानाने २०० ते ३,००० हर्ट्झचाच पट्टा उतरत असे, व लाखेच्या तबकडीचा पल्ला फार तर ४० डेसिबलांच्या आसपास राही. पट्टा व पल्ला या दोन्ही बाबतींत परिवर्तक कितीतरी पुढे आहे, हे उघड आहे. परंतु संशोधकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब गतीची आहे. त्या काळच्या तबकड्या मिनिटास नेमक्या ७८ फेऱ्यांनीच कापल्या जात असे नाही. ७६ फेऱ्यांनी कापलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली तर षड्ज सुमारे ४५ सेंट, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने, चढतो. उलट परिवर्तकाच्या स्फटिकात दशलक्षात ५० इतकी चूक धरली तरी स्वर एका सेंटाच्या दहाव्या हिश्श्यानेही हलत नाही. पहिली चूक दुसरीच्या पाचशे पटींहून मोठी आहे.

यावर असा आक्षेप येईल की, गतीची चूक सर्व स्वरांना सारखीच लागू होते. स्वरांतरे अबाधित राहतात. आक्षेप योग्य आहे, पण अपुरा आहे. तबकडीचे छिद्र केंद्रापासून १ मिलिमीटरने ढळले असेल, तर १० सेंटिमीटर त्रिज्येवर स्वर सुमारे १७ सेंट वर व तितकाच खाली झुलतो, आणि हे आवर्तन पाऊण सेकंदाला एकदा होते. सुई आत सरकते तसतसा हा झोका वाढत जातो. आलेखावर तो आंदोलित स्वरासारखा दिसतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी खाँसाहेबांच्या गायनाच्या आधारे श्रुतींचे मापन करून १९१० साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या विवेचनात येणारी प्रमाणश्रुती, म्हणजे ८१ : ८० हे अंतर, अवघ्या २१.५ सेंटांची आहे. यावरून ध्यानात येईल की, ढळलेल्या छिद्राचा संपूर्ण झोका दीड प्रमाणश्रुतीहून मोठा असतो. ज्याला गायकाचे आंदोलन मानून त्यावर रागस्वरूपाचा सिद्धांत उभारावा, ते कदाचित सुताराच्या गिरमिटासारख्या एखाद्या हत्याराचे कर्तृत्व असेल. तंबोऱ्याचा स्वरही त्याच लयीत झुलतो किंवा नाही, हे पाहिल्यावाचून या बाबतीत निर्णय देता येणार नाही.

सारांश, नीट रचलेल्या स्ट्रीमरचा अंगभूत परिवर्तक ही जुन्या संगीताच्या अभ्यासातील मर्यादा नव्हे. मर्यादा पडते ती तबकडीचे अंकीकरण झाले त्या दिवशी : सुई कोणती वापरली, गती कशावरून ठरविली, छिद्र पुन्हा केंद्रित केले काय, खरखर काढताना स्वरांचे उपांगही गेले काय. स्ट्रीमरवर ऐकू येणाऱ्या प्रतीसोबत ही माहिती बहुधा येत नाही, व कोणताही महागडा परिवर्तक ती परत आणू शकत नाही. म्हणून विभागांनी व ग्रंथालयांनी द्रव्य खर्चावयाचे असेल तर ते प्रथम मूळ तबकड्यांच्या जतनावर व अंकीकरणाच्या नोंदींवर खर्चावे. आणि विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधात ध्वनिमुद्रणाचा आधार घेताना त्याची गती व प्रतीचा पूर्वेतिहास नमूद करावा. हस्तलिखिताची परंपरा न तपासता पाठ ग्राह्य मानणारा संशोधक आपण स्वीकारीत नाही. नादाच्या पुराव्याला निराळा न्याय लावण्याचे कारण दिसत नाही.