मेंदू आणि मज्जारज्जूची इजा: वर्तुळाकार आरएनए काय सांगू शकतात?

पेण तालुक्यातलं जिते हे गाव मुंबई-गोवा महामार्गाच्या पट्ट्यात येतं. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर याच नावाचं स्थानकही आहे. समजा, इथल्या रस्त्यावर एखादा दुचाकीस्वार घसरून पडला. डोकं आपटलं, पण तो उठून बसला, नाव-गाव नीट सांगितलं. दोन तासांनी मात्र त्याला उलट्या होऊ लागल्या, गुंगी येऊ लागली. असं का होतं?

इजा दोन टप्प्यांत होते

पहिला टप्पा म्हणजे प्रत्यक्ष आघात. त्यात चेतापेशी चिरडतात, रक्तवाहिन्या फुटतात. हे नुकसान क्षणात होतं आणि नंतर टाळता येत नाही. दुसरा टप्पा पुढचे काही तास, दिवस, कधी कधी आठवडे चालतो. रक्तस्राव वाढतो, सूज येते, ऑक्सिजन कमी पडतो, दाह होतो आणि आघातातून वाचलेल्या पेशीही मरू लागतात. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूचंही असंच होतं. उपचारांची सगळी धडपड हा दुसरा टप्पा रोखण्यासाठी असते. वर्तुळाकार आरएनएचा अभ्यासही मुख्यतः याच टप्प्याशी जोडलेला आहे.

वर्तुळाकार आरएनए म्हणजे काय?

जनुकातली माहिती पेशी आधी आरएनएच्या रूपात उतरवून घेते. त्यातले नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडले जातात आणि त्या संदेशावरून प्रथिनं तयार होतात. हा नेहमीचा आरएनए दोऱ्यासारखा असतो, त्याला दोन टोकं असतात. काही वेळा मात्र जोडणी उलटी होते. मागचं टोक पुढच्या टोकाला जुळतं आणि कडं तयार होतं.

सुटा दोरा टोकाकडून उसवतो. कड्याला टोकच नसतं. आरएनएला टोकाकडून कुरतडणारी विकरं त्यामुळे इथे निष्प्रभ ठरतात. नेहमीचे बरेच संदेशवाहक आरएनए काही तासांत नष्ट होतात, तर अनेक वर्तुळाकार आरएनए दोन दिवसांहून जास्त टिकतात.

पेशींमधले असे आरएनए १९७९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. पण बराच काळ त्यांना जोडणीतली चूक समजलं गेलं. २०१२-१३ च्या सुमारास आरएनए वाचण्याचं तंत्र सुधारल्यावर त्यांची संख्या हजारोंत असल्याचं लक्षात आलं.

मेंदूशी त्यांचा काय संबंध?

शरीरातल्या इतर अनेक अवयवांपेक्षा मेंदूत त्यांचं प्रमाण जास्त आहे. दोन चेतापेशी जिथे एकमेकींना संदेश देतात, त्या जागी ते विशेष आढळतात. सर्वांत जास्त अभ्यासलेला आहे 'सीडीआर१एएस'. मायक्रोआरएनए-७ नावाच्या छोट्या रेणूला चिकटण्यासाठी त्यावर ७० हून अधिक जागा आहेत. मायक्रोआरएनए इतर संदेशांना गप्प करतात, म्हणून हे कडं त्यांना शोषून घेणारा स्पंज असावं, असं २०१३ मध्ये मांडलं गेलं.

२०१७ मध्ये हा आरएनए नसलेले उंदीर तयार केल्यावर चित्र थोडं बदललं. त्यांच्या मेंदूत मायक्रोआरएनए-७ वाढण्याऐवजी घटला. म्हणजे कडं त्याला जपूनही ठेवत असावं. या उंदरांच्या चेतापेशींमधलं संदेशवहनही बिघडलं होतं.

इजेनंतर काय बदलतं?

उंदरांच्या मेंदूला किंवा मज्जारज्जूला प्रयोगात इजा केल्यावर अनेक वर्तुळाकार आरएनएची पातळी बदलते. काही वाढतात, काही घटतात. त्यातल्या काहींचा संबंध दाह, पेशींचा मृत्यू आणि रक्तातून मेंदूत काय जावं हे ठरवणाऱ्या अडसराशी जोडला गेला आहे.

यातून दोन आशा निर्माण झाल्या आहेत. पहिली तपासणीची. हे रेणू सूक्ष्म पुटिकांमधून रक्तात येतात आणि टिकतात. त्यामुळे इजा किती गंभीर आहे, हे कधी तरी रक्तावरून कळू शकेल. अशी वाट प्रथिनांच्या बाबतीत आधीच खुली झाली आहे. डोक्याच्या सौम्य इजेत सीटी स्कॅन लागेल का, हे ठरवायला मदत करणाऱ्या दोन प्रथिनांच्या रक्तचाचणीला अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली.

दुसरी आशा उपचाराची. २०२० मध्ये 'सर्कएससीएमएच१' हा वर्तुळाकार आरएनए पुटिकांमध्ये भरून पक्षाघात झालेल्या उंदरांना आणि माकडांना दिला गेला, तेव्हा त्यांच्या हालचाली सुधारल्या. पण पक्षाघात आणि अपघाती इजा एक नव्हेत, आणि प्राण्यांमधलं यश माणसात टिकेलच असं नाही. मेंदू किंवा मज्जारज्जूच्या इजेवर वर्तुळाकार आरएनएचं औषध आज रुग्णालयात नेहमीच्या वापरात नाही. कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर सावध राहावं.

मग आज हातात काय आहे?

दुसरा टप्पा रोखण्याचं काम रस्त्यावरच सुरू होतं. १०८ वर फोन करावा. जखमीला हात-पाय धरून ओढू नये, बसवू नये, पाणी पाजू नये. आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर आहे तिथेच ठेवून मान, डोकं आणि पाठ एका रेषेत स्थिर धरावी. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट काढण्याची घाई करू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावं.

वाढती गुंगी, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, हातापायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा, यांपैकी काहीही दिसलं तर 'बोलतोय ना, मग ठीक आहे' असं म्हणून थांबू नये. मदत केल्यावर पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीतीही नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये जोडलेलं कलम १३४अ सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.