मित्रसैन्याची कुमक (नेपोलियनकालीन युद्धखेळ)

नेपोलियनच्या मोहिमांवर बेतलेल्या युद्धखेळात जे मित्रराष्ट्राचे सैन्य डावाच्या आरंभी पटावर नसते आणि पुढे येऊन मिळते, त्याला ही संज्ञा लावतात. युद्धखेळ म्हणजे नकाशावर सैन्यदर्शक सोंगट्या मांडून नियम व फासे यांच्या आधारे केलेला युद्धाभ्यास. राखीव दल सेनापतीच्या हुकमतीत असते. मित्रसैन्याचा प्रमुख मात्र स्वतःच्या माघारीची वाट मोकळी आहे ना, हे पाहूनच पुढे सरकतो, आणि या प्रकारच्या कुमकेचे सारे नियम त्या फरकातून निघतात.

याचे ठळक उदाहरण १८१५ ची वॉटर्लू मोहीम होय. १६ जूनला लिन्यी येथे हरलेले ब्ल्यूखरचे प्रशियन सैन्य पूर्वेकडे ऱ्हाईनच्या दिशेने न जाता उत्तरेस वाव्रकडे हटले, म्हणूनच १८ जूनला ते वॉटर्लू येथे नेपोलियनशी लढणाऱ्या ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या मदतीला जाऊ शकले. पावसाने चिखल झालेल्या रस्त्यांवरून ब्यूलोचे प्रशियन दल दुपारी साडेचारच्या सुमारास रणभूमीवर उतरले, तर प्रशियनांना अडवण्यासाठी नेपोलियनने धाडलेला मार्शल ग्रूशी सुमारे ३३,००० सैनिकांसह वाव्रजवळच गुंतून पडला.

१९६२ मध्ये ॲव्हलॉन हिल कंपनीने काढलेल्या ‘वॉटर्लू’ या खेळात कुमकेच्या आगमनाचे वेळापत्रक आधीच छापलेले होते. ही रीत सोपी खरी. परंतु नेपोलियनला जे ठाऊक नव्हते ते फ्रेंच बाजूच्या खेळाडूला पहिल्या खेळीपासून ठाऊक असते, आणि त्यामुळे मोहिमेचा गाभाच हरवतो. कुमक नकाशावरून प्रत्यक्ष चालत यावी, तिची जागा शत्रूपासून लपलेली असावी आणि तिला वाटेत अडवता यावे, ही रचना अधिक सच्ची ठरते.

अशी गुप्तता राइसविट्झ याने १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या ‘क्रीगस्पिल’ या प्रशियन खेळात पंचाकरवी राखली जाई. या खेळाचा पुरस्कार करणारा प्रशियन जनरल स्टाफचा प्रमुख म्युफलिंग हा वॉटर्लूच्या वेळी वेलिंग्टनकडे प्रशियन संपर्काधिकारी होता, आणि दुसरीकडे वळू लागलेले झीटेनचे प्रशियन दल त्यानेच वेलिंग्टनच्या डाव्या बगलेकडे परत आणले होते.

मित्रांमधील अविश्वास दाखवण्यासाठी काही खेळांत प्रत्येक मित्रसैन्य वेगळ्या खेळाडूकडे सोपवतात. लाइपझिगच्या लढाईत (१६–१९ ऑक्टोबर १८१३) नेपोलियनविरोधी आघाडीतला सावध सेनापती, स्वीडनचा युवराज बेर्नादोत तिसऱ्या दिवशी पोहोचला, आणि त्याच दिवशी नेपोलियनच्या बाजूचे सॅक्सन सैनिक शत्रूला जाऊन मिळाले. त्यामुळे या लढाईवरील खेळात पटावर असलेला मित्रही पक्ष बदलू शकेल, अशी तरतूद ठेवावी लागते.